गिरणीच्या भिंतीत, गव्हाविना

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं मिनियापोलिस हे शहर मिसिसिपी नदीवरच्या एका धबधब्यामुळे वसलं. पाण्याच्या जोरावर तिथे आधी लाकूड कापायच्या गिरण्या चालल्या, मग पिठाच्या. 1880 पासून पुढची जवळपास पन्नास वर्षं जगाची पिठाची राजधानी म्हणून हे गाव ओळखलं जायचं. आपल्याकडे आट्याच्या पिशवीवर दिसणारं पिल्सबरी हे नाव तिथलंच. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि काठावर त्यांच्या दगडी भिंती उरल्या. त्यांतल्याच एका गिरणीच्या अवशेषांना धरून बांधलेल्या इमारतीत जुलै 2021 मध्ये ‘ओवाम्नी’ नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं. त्याच्या स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ चिमूटभरही नव्हतं.

नुसता गहूच वर्ज्य होता असं नाही. दूध, लोणी, चीज नाही. उसाची साखर नाही. काळी मिरी नाही. गाय, डुक्कर आणि कोंबडी यांचं मांस नाही. युरोपातून आलेल्या लोकांनी बरोबर आणलेलं सगळं दाराबाहेर ठेवायचं, असा तिथला नियम. अमेरिकन जेवण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बर्गर, पिझ्झा, पॅनकेक, आइस्क्रीम येतं. यांतलं एकही या चुलीवर होणार नाही. तरीही पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, देशातलं सर्वोत्तम नवं रेस्टॉरंट म्हणून ओवाम्नीला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. स्वयंपाकाच्या क्षेत्रात अमेरिकेत याहून मोठा मान नाही.

धबधब्याला नकाशावर सेंट अँथनीचं नाव आहे. 1680 मध्ये तिथे पोहोचलेल्या एका युरोपीय पाद्र्याने ते ठेवलं. त्याच्या कितीतरी आधीपासून डकोटा लोक त्या जागेला ओवाम्नियोम्नी म्हणत आले आहेत. भोवरे घेत उसळणारं पाणी, असा काहीसा त्याचा अर्थ. रेस्टॉरंटचं नाव त्यावरून आलं.

मग या ताटात असतं तरी काय? बायसन म्हणजे अमेरिकेतला रानगवा, हरीण, बदक. रेड लेक जमातीच्या तळ्यातला वॉलाय मासा. रानतांदूळ, निळा मका, नाना जातींचे घेवडे, भोपळे, सूर्यफुलाच्या बिया, रानातली आंबट-तुरट फळं, मेपलच्या झाडाच्या रसाची साखर. एवढी पथ्यं ऐकून हे आजाऱ्याचं जेवण वाटेल, पण तसं नाही. एका प्रदेशाचं हे पुरतं, भरलेलं स्वयंपाकघर होतं. ते उधळलं गेलं आणि आता एकेक डबा शोधून पुन्हा मांडलं जात आहे. ओवाम्नीने काय काय दाराबाहेर ठेवलं ते एकदा नीट पाहिलं की त्या भूमीवर दीड-दोनशे वर्षांत काय घडलं तेही कळतं. मला या रेस्टॉरंटची गोष्ट सांगावीशी वाटते ती त्यासाठी.

ते उभं करणारे शॉन शर्मन हे ओगलाला लाकोटा जमातीचे. जन्म 1974 चा, साउथ डाकोटातल्या पाइन रिज या राखीव प्रदेशातला. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी ज्यांना सरसकट ‘रेड इंडियन’ म्हटलं, त्यांच्यातल्या लाकोटा आणि डकोटा लोकांना गोरे लोक ‘सू’ म्हणत. फ्रेंच स्वयंपाकघरात मुख्य आचाऱ्याच्या हाताखालच्या माणसाला ‘सू शेफ’ म्हणतात. शर्मन यांनी 2014 मध्ये आपला उद्योग सुरू केला तेव्हा या दोन ‘सूं’चा उच्चार एकच असल्याचा फायदा घेऊन नाव ठेवलं ‘द सू शेफ’. त्यांचे पणजोबा 1876 च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सैन्याविरुद्ध लढले होते. म्हणजे तीन पिढ्यांमागे हे लोक स्वतःच्या माळावर, स्वतःच्या अन्नावर जगत होते.

शर्मन तेरा वर्षांचे असताना पर्यटकांच्या एका हॉटेलात कामाला लागले. पुढे वनखात्यासाठी ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत वनस्पती ओळखून नोंदवायचं कामही त्यांनी केलं. मिनियापोलिसमध्ये ते नावाजलेले शेफ झाले. इटालियन येत होतं, स्पॅनिश येत होतं. मग कामाने थकून ते काही महिने मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन राहिले. तिथले मूळ रहिवासी हुइचोल लोक आपल्या रंगांना, मण्यांना, मक्याला धरून जगताना त्यांनी पाहिले, आणि आपल्या पूर्वजांच्या पाककृती आपल्याला सांगता येत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. युरोपातल्या शेकडो पदार्थांची कृती तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या पणजीच्या चुलीवर काय शिजत होतं ते ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक का नव्हतं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

मिनेसोटाच्या डकोटा लोकांनी 1851 च्या करारांनी आपली बहुतेक जमीन सरकारला दिली आणि नदीकाठच्या एका पट्ट्यात राहायला गेले. मोबदल्यात दरवर्षी पैसे आणि धान्य मिळायचं होतं. शिकारीचं रान गेलेलं, शेताचं पीक बुडालेलं आणि 1862 च्या उन्हाळ्यात ते पैसेही वेळेवर आले नाहीत. कोठारात धान्य होतं, पण व्यापारी उधार देईनात. मायरिक नावाच्या व्यापाऱ्याने, भूक लागली असेल तर गवत खाऊ दे त्यांना, अशा अर्थाचं काही म्हटल्याची नोंद आहे. त्यातून युद्ध पेटलं. पहिल्याच दिवसांत मायरिक मारला गेला आणि त्याच्या तोंडात गवत कोंबलेलं आढळलं. युद्ध सहा आठवड्यांत संपलं. 26 डिसेंबर 1862 ला मँकेटो गावात 38 डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढी मोठी सामूहिक फाशी दुसरी नाही. पुढच्या वर्षी कायदा करून उरलेल्या डकोटांना राज्याबाहेर काढलं. ओवाम्नीच्या धबधब्यावर पिठाच्या गिरण्या जोमाने फिरू लागल्या त्या यानंतर, या मोकळ्या केलेल्या जमिनीवर पिकलेल्या गव्हाने.

माळावरच्या लाकोटांची गोष्ट बायसनच्या गोष्टीपासून वेगळी करता येत नाही. मांस, चरबी, कातडं, तंबू, हाडाची हत्यारं, सगळं याच प्राण्यापासून व्हायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायसन कोट्यवधी होते. 1880 चं दशक संपताना जेमतेम हजारभर उरले. कातड्याचा व्यापार आणि रेल्वे ही कारणं होतीच, पण बायसन संपले की जमाती शरण येतील हे लष्करी अधिकारी उघड बोलत होते. तसंच झालं. राखीव प्रदेशात गेलेल्यांना सरकारी शिधा मिळू लागला: मैदा, चरबी, साखर, खारवलेलं मांस, कॉफी. मग मुलांना आईबापांपासून दूर निवासी शाळांत नेलं गेलं. अशा शाळांचा नमुना ठरलेली कार्लाइलची शाळा 1879 मध्ये सुरू झाली. तिथे मुलांना आपली भाषा बोलायची बंदी होती आणि केस कापले जात. सात-आठ वर्षांची मुलगी घरापासून शेकडो मैल लांब वाढली तर आजीकडून कंद कधी खणायचा, मांस कसं वाळवायचं हे ती शिकणार कशी? स्वयंपाक पुस्तकातून येत नाही, कोणाच्या तरी शेजारी बसून येतो. ती शेजारी बसायची जागाच काढून घेतली गेली.

शर्मन यांच्या लहानपणी शिध्याचं रूप बदललं होतं, पण शिधा होताच: साधा छापील कागद लावलेले डबे, त्यांत मांस, दुधाची भुकटी, पिवळं चीज, मैदा. आजही या समाजांत मधुमेहाचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. शिध्याच्या मैद्यातून आणि चरबीतून एक पदार्थ मात्र घरोघर जन्माला आला, फ्राय ब्रेड. जाड भटुऱ्यासारखी तळलेली पोळी. तिचं मूळ 1864 पर्यंत नेलं जातं. त्या वर्षी नैर्ऋत्येच्या नवाहो लोकांना सैनिकांनी सुमारे पाचशे किलोमीटर चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं आणि तिथे हाती पडेल त्या सामानातून बायकांनी पोरांची पोटं भरली. साउथ डाकोटाने 2005 मध्ये फ्राय ब्रेडला राज्याची अधिकृत भाकरी ठरवलं. शर्मन ती बनवत नाहीत. ती टिकून राहण्याची खूण आहे हे त्यांना मान्य आहे, पण ती पूर्वजांची भाकरी नव्हे. यावरून त्यांच्या समाजात वाद झाले, आणि ते मला समजू शकतात. ज्याला फ्राय ब्रेडमध्ये आजीचा हात आठवतो त्याला हा छावणीचा पदार्थ आहे असं सांगणं सोपं नसतं.

आता त्या मांडलेल्या डब्यांकडे. यांतला पहिला डबा रानतांदळाचा, आणि त्याच्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे.

त्याला तांदूळ म्हणतात, पण तो आपल्या भाताच्या कुळातला थेट सगा नाही, लांबचा नातेवाईक आहे. झिझानिया या प्रजातीचं हे पाण्यातलं गवत उथळ तळ्यांत आणि संथ ओढ्यांत वाढतं. ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात. पूर्वेच्या समुद्राकडून निघालेल्या आपल्या पूर्वजांना, जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा, असा संदेश मिळाला होता, असं त्यांची परंपरा सांगते. ते चालत चालत या तळ्यांपाशी आले आणि थांबले.

ऑगस्टच्या शेवटी दाणा भरू लागतो. दोघं जण होडी घेऊन निघतात. एक जण लांब काठीने होडी पुढे रेटतो. दुसरा एका हातातल्या काठीने ताटं होडीवर अलगद वाकवतो आणि दुसऱ्या हातातल्या काठीने हलकेच झोडपतो. पिकलेला दाणा होडीत पडतो, न पिकलेला ताटावर राहतो आणि बराचसा पाण्यात पडतो. तो पुढच्या वर्षीचा. सगळे दाणे एकदम पिकत नाहीत म्हणून त्याच तळ्यावर काही दिवसांनी पुन्हा जायचं. ताट मोडता कामा नये, यासाठी काठी किती जड असावी याचाही नियम मिनेसोटा राज्याने केला आहे: लांबी अडीच फूट, वजन एक पौंड, याहून जास्त नाही. घरी आणलेला दाणा आधी वाळवायचा, मग लाकडाच्या विस्तवावर कढईत सतत हलवत भाजायचा. टरफल सुटावं म्हणून तो कातडं अंथरलेल्या खड्ड्यात घालून मऊ जोड्यांनी तुडवतात. हे तुडवणं नाचासारखं असतं आणि अंगाने हलकी माणसं त्यात तरबेज. शेवटी बर्च झाडाच्या सालीच्या सुपाने पाखडायचं.

हे वाचताना मला ऋषिपंचमी आठवल्यावाचून राहत नाही. भाद्रपदातली पंचमी, म्हणजे पुष्कळदा याच दिवसांत येणारी. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा त्या दिवसाचा नेम. आमच्या घरी त्या दिवशी अळू, माठ, भेंडी, सुरण, मक्याचं कणीस घालून ऋषीची भाजी व्हायची, फोडणीशिवाय. डबक्यात आपोआप उगवणाऱ्या रानभाताला मराठीत देवभात असा शब्द आहे, संस्कृतात नीवार, आणि आश्रमातल्या ऋषींचं ते अन्न मानलं गेलं. नांगर न लावता उगवलेल्या दाण्याला आपण वर्षातला एक दिवस राखून ठेवला. मनोमिनच्या तळ्याकाठच्या लोकांनी आपली सगळी वर्षं त्याच्यावर काढली.

बाजारात ‘वाइल्ड राइस’ म्हणून मिळणारा काळाकुळकुळीत, कडक दाणा बहुधा या तळ्यांवरचा नसतो. 1950 नंतर मिनेसोटात बांध घालून याची शेती सुरू झाली, विद्यापीठाने दाणा न गळणाऱ्या जाती काढल्या, आणि पुढे कॅलिफोर्नियाने यात आघाडी घेतली. दाणा गळत नाही म्हणजे यंत्राने एकदम कापता येतो, आणि तळ्यातही पडत नाही. तो शिजायला पाऊण तासाहून अधिक घेतो. हाताने झोडपलेला, लाकडावर भाजलेला मनोमिन तपकिरी, कुठे हिरवट दिसतो, वीसेक मिनिटांत फुलतो आणि त्याला धुराचा, गवताचा वास असतो. ओवाम्नीच्या ताटातला तांदूळ हा. तो तिथे पोहोचतो यामागे कोर्टकचेऱ्याही आहेत. 1837 च्या करारात जमीन देताना ओजिब्वे लोकांनी शिकार, मासेमारी आणि रानतांदूळ गोळा करण्याचा हक्क लिहून घेतला होता. मिनेसोटा राज्याने तो नाकारला. ओजिब्वेंच्या मिल लॅक्स जमातीने लढा दिला आणि 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. खाणींतून येणारं सल्फेट तळ्याच्या चिखलात सल्फाइड होऊन मुळं मारतं, म्हणून 1973 पासून राज्यात या पाण्यांसाठी लिटरला दहा मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती पाळली जावी यासाठी अजून भांडावं लागतं. 2018 मध्ये ओजिब्वेंच्याच व्हाइट अर्थ जमातीने कायदाच केला, की मनोमिनला स्वतःचे हक्क आहेत: वाढण्याचा, फुलण्याचा, स्वच्छ पाण्याचा.

दुसरा डबा मक्याचा. मका मूळचा मेक्सिकोतला, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या एका रानगवतापासून माणसाने घडवलेला. तो उत्तरेकडे सरकत गेला आणि घेवडा व भोपळा त्याच्याबरोबर गेले. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र साठवतात, भोपळ्याची पानं माती झाकून ओल धरतात. या तिघांना तीन बहिणी म्हणतात. पण मका नुसता दळून खाल्ला तर घात होतो. त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळेल अशा रूपात नसतं. मूळच्या लोकांनी मका चुन्याच्या किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळायची रीत काढली. टरफल सुटतं, पीठ चिकट मळता येतं, आणि नायसिन मोकळं होतं. युरोपने मका घेतला, राख घेतली नाही. उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत फक्त मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला: कातडी सोलवटणं, जुलाब, भ्रम आणि शेवटी मृत्यू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर गोल्डबर्गर यांनी हा रोग जंतूंचा नसून आहाराचा आहे हे दाखवलं, तोवर हजारो लोक गेले होते. ज्यांना मागास म्हटलं त्यांच्या बायकांच्या मडक्यात त्याचा उपाय शेकडो वर्षं रटरटत होता.

मिझुरी नदीकाठच्या हिदात्सा लोकांतल्या मक्सिदिविआक नावाच्या बाईने, इंग्रजीत जिला बफेलो बर्ड वुमन म्हणतात, आपली शेती आणि स्वयंपाक मानववंशशास्त्रज्ञ गिल्बर्ट विल्सन यांना तपशीलवार सांगितला आणि ते पुस्तक 1917 मध्ये छापलं गेलं. मक्याच्या जाती एकमेकींपासून लांब कशा पेरायच्या, भोपळ्याच्या चकत्या काठीत ओवून कशा वाळवायच्या, धान्याचं पेव कसं खणायचं आणि कसं अस्तरायचं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-सांडगे घातलेल्या कुठल्याही मराठी बाईला ते वाचताना परकं वाटणार नाही. शर्मन यांच्यासारख्यांना आज हात टेकायला अशा नोंदी आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत, आणि माळ आहे.

माळावर जून महिन्यात टिंपसिला नावाचा कंद काढतात. अंड्याएवढा, पिठूळ. त्याच्या मुळांच्या शेपट्या एकमेकींत गुंफून वेणी घालतात आणि ती घरात टांगतात. पुढे वाऱ्यावर वरचं झाड मोडून घरंगळत जातं आणि कंद कुठे आहे ते कळत नाही, म्हणून त्या थोड्याच दिवसांत काढायचा. चोकचेरी नावाची काळसर, तुरट रानफळं बियांसकट दगडावर ठेचून त्यांच्या वड्या उन्हात वाळवतात; बीत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, ते ठेचल्याने आणि वाळवल्याने उडून जातं. त्याच फळांना शिजवून ‘वोजापी’ हा दाट रस होतो. वाळवलेलं बायसनचं मांस, त्याचीच चरबी आणि चोकचेरी एकत्र कुटली की ‘वास्ना’ होतो. हिवाळाभर टिकणारा हा डबा.

मग आंबटपणाला लिंबू नाही, तिखटाला मिरी नाही, गोडाला साखर नाही, तरी चव येते कुठून? सुमाकच्या लालसर फळांची पूड आपल्या आमसुलासारखी आंबट. ज्युनिपरची फळं, सीडरची कोवळी डहाळी, रानपुदिना, जंगली कांदा हे मसाल्याच्या जागी. मेपलचा रस वसंतात झाडाला भोक पाडून काढतात. सुमारे चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर काकवी होते, आणखी आटवली की साखर. सूर्यफुलाचं तेल, बदकाची चरबी. रस दाट करायला मैद्याऐवजी भाजलेला भोपळा किंवा कुटलेल्या बिया. बायसन सीडरच्या डहाळ्यांबरोबर तासन्‌तास मंद शिजवतात. शर्मन यांचं 2017 चं पाककृतींचं पुस्तक उघडलं की पदार्थांत सामान मोजकं दिसतं, आणि हा मोजकेपणा मला आवडतो. हरणाच्या मांसाला हरणाचीच चव यावी एवढाच त्याचा हट्ट.

त्यात आणखी दोन-तीन नावं भेटतात ती मराठी माणसाला चकित करणारी. चाकवत. घोळ. राजगिरा. पुस्तकात त्यांची नावं इंग्रजी आहेत, पण भाज्या त्याच, आणि मिनेसोटाचा शेतकरी त्यांना तण समजून उपटतो. चाकवताची एक बहीण उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात साडेतीन हजार वर्षांपूर्वी चक्क बियांसाठी शेतात लावली जात होती. मका आल्यावर ती मागे पडली आणि तिचा पत्ता पुरातत्त्वज्ञांना गुहांतल्या जुन्या बियांवरून लागला. राजगिऱ्याचं तर काय सांगावं! मेक्सिकोत ॲझटेक लोक त्याच्या पिठात गोडाचा पाक मळून देवांच्या मूर्ती करत आणि प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश पाद्र्यांना हे पाखंड वाटलं आणि राजगिऱ्याच्या मागे ते हात धुऊन लागले. तरी तो उरला. मेक्सिकोत आजही फुललेल्या राजगिऱ्याची, मधाची किंवा गुळासारख्या पाकाची वडी ‘आलेग्रिया’ म्हणून रस्त्यावर मिळते. आनंद असा त्या शब्दाचा अर्थ. आपला राजगिऱ्याचा लाडू आणि ती वडी शेजारी ठेवली तर वेगळी ओळखता येणार नाही. उपासाच्या ताटातला साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडांतलं. यांतलं बरंचसं पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागलं. एकादशीला आपण ज्या अन्नाला पवित्र म्हणतो ते पिकवणाऱ्या, घडवणाऱ्या लोकांची नावं आपल्याला माहीत नसतात. ती माहीत असावीत असं मला मनापासून वाटतं.

शर्मन यांच्याआधी हा रस्ता कोणी चाललंच नव्हतं असं नाही. पोटावाटोमी जमातीच्या लोरेटा बॅरेट ओडेन यांनी 1993 मध्ये सांता फे इथे कॉर्न डान्स कॅफे काढला होता. ॲरिझोनात गिला नदीकाठच्या राखीव प्रदेशातलं ‘काय’ हे रेस्टॉरंट 2002 पासून चालतं. कॅलिफोर्नियात बर्कली इथे व्हिन्सेंट मेडिना आणि लुई ट्रेव्हिनो यांनी 2018 मध्ये कॅफे ओलोनी सुरू केलं. तिथलं मुख्य अन्न ओकच्या झाडाची फळं. त्यांतला कडवटपणा पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन काढतात आणि पिठाची लापशी करतात. शर्मन यांच्या वाट्याला मोठा प्रतिसाद आला. 2016 मध्ये त्यांनी रेस्टॉरंटसाठी लोकवर्गणी मागितली तेव्हा 2300 हून अधिक लोकांनी हातभार लावला.

आता अवघड गोष्ट. पूर्वजांचं अन्न नदीकाठच्या देखण्या काचेआड, महिनाभर आधी टेबल राखून, डॉलर मोजून मिळत असेल तर ते पूर्वजांच्या वंशजांच्या पोटात जाणार कसं? पाइन रिज हा अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक आहे. तिथून किराणा दुकान गाठायलाच कित्येकांना मैलोन्‌मैल गाडी चालवावी लागते. आपल्याकडेही हा प्रश्न दारात उभा आहे. पावसाळ्यात शहरांत रानभाज्यांचे महोत्सव भरतात, मोठ्या हॉटेलांच्या ताटात कर्टुली आणि टाकळा सजतो. ते मला वाईट वाटत नाही. खाणाऱ्याला चव लागली तर रान टिकण्याची शक्यता वाढते. पण अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं ते आपल्या माणसांनी पेरावं, खावं म्हणून. पद्मश्री त्यांना 2020 मध्ये जाहीर झाली, बियाणं त्या त्याआधी कैक वर्षं वाटत होत्या. हॉटेलच्या ताटाकडे पाहताना मी हेच विचारतो: बियाणं कोणाकडे आहे, आणि पैसा कोणाच्या हातात जातो?

ओवाम्नीचं उत्तर पुरतं नाही, पण ते उत्तर देतात. सामान आधी मूळ रहिवाशांच्या शेतांकडून, कोळ्यांकडून, तांदूळ झोडपणाऱ्यांकडून घ्यायचं, तिथे नसेल तर इतर स्थानिक शेतकऱ्यांकडून. स्वयंपाकघरात आणि वाढायला बहुसंख्य माणसं मूळ रहिवासी समाजांतली. त्यामुळे रानतांदळाचा चढा भाव पुन्हा तळ्याकडे जातो आणि तरुण पोरं आपल्या आजीला जे शिकायला मिळालं नाही ते पगारावर शिकतात. महागडं ताट इथे पाणी चढवणाऱ्या रहाटासारखं आहे. रहाटाकडे नुसतं पाहत राहिलं तर पाणी कुठे चाललं आहे ते दिसत नाही.

ते पाणी मिनियापोलिसमधल्याच लेक स्ट्रीटवरच्या मिडटाउन ग्लोबल मार्केटमध्ये दिसतं. शर्मन यांच्या ना-नफा संस्थेने तिथे ‘इंडिजिनस फूड लॅब’ उभी केली: शिकवण्याचं स्वयंपाकघर, जमातींच्या शाळा-दवाखान्यांच्या आचाऱ्यांना प्रशिक्षण, मूळ रहिवासी उत्पादकांच्या मालाचं दुकान. 2020 मध्ये हे काम सुरू होत होतं तेव्हाच कोरोना आला, आणि मे महिन्यात याच शहरात पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची हत्या झाल्यावर हाच रस्ता पेटला. शिकवणीचे वर्ग भरवणं शक्य नव्हतं. मग त्या नव्या कोऱ्या चुलींवर मोठी पातेली चढली. रानतांदूळ, बायसन, भोपळा, घेवडा असं साधं जेवण डब्यांत भरून शहरातल्या आणि दूरच्या राखीव प्रदेशांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जाऊ लागलं, हजारोंनी. नदीकाठच्या त्या दगडी भिंतीत पहिलं टेबल मांडलं गेलं ते यानंतर, पुढच्या उन्हाळ्यात.